खातरजमेची प्रत

संध्याकाळी पायी फिरण्याची सवय मला जयपुराने लावली. साताऱ्याला संध्याकाळ सावकाश होते. अजिंक्यताऱ्यावरचे ऊन विटत विटत जाते. इकडे उन्हाळ्याचा दिवस सात वाजेपर्यंत तापल्या तव्यासारखा असतो, आणि मग एकाएकी झालाण्याच्या टेकड्यांकडून वारा सुटतो. त्या वाऱ्याला भेटायला मी बाहेर पडतो. मालवीयनगरातल्या आमच्या गल्लीत दोन्ही अंगांना मिळून वीस-बावीस घरे आहेत. सातच्या सुमारास साऱ्या घरांची दारे उघडी असतात, आणि प्रत्येक दारातून एक निराळा वृत्तनिवेदक बाहेर येऊन माझ्याबरोबर चालू लागतो. पहिल्या घरातला म्हणतो, ही बातमी सर्वांत आधी आम्ही दिली. तिसऱ्या घरातली बाई तेच म्हणते. सातव्या घरातला आवाज तर इतका चढलेला असतो की कोणी कोणाला मारतो आहे की काय, अशी शंका यावी. गल्लीच्या टोकापर्यंत जाईतो एकाच घटनेच्या पाच आवृत्त्या कानांवर पडतात, आणि घटना कोणती ते मात्र घरी येऊन विचारावे लागते.

माझ्या लहानपणी असे नव्हते. सकाळी आकाशवाणीवर प्रादेशिक बातम्या लागल्या की मंगळवार पेठेतून शाळेला जाताना माझे एकही वाक्य चुकत नसे. या घरात कर्ता ऐकावा, त्या घरात क्रियापद. पुढे पुण्यास शिकायला असताना दूरदर्शनच्या मराठी बातम्यांचेही तसेच. भक्ती बर्वे, प्रदीप भिडे, अनंत भावे ही माणसे त्या वेळी कुणाच्याही घरी न सांगता येऊन बसत, आणि अपघाताची बातमी असो की आंब्याच्या भावाची, तिला साजेलशा स्वरात सांगून निघून जात.

आमच्या शेजारी एक निवृत्त शाळामास्तर राहतात. इकडे मास्तरांना ‘माडसाब’ म्हणतात. त्यांची नि माझी गाठ गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चहाच्या ‘थडी’वर पडते. १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर, अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने, देशातल्या सहा राज्यांमधील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी दाखवण्याचा प्रयोग झाला. त्या राज्यांत राजस्थानही होते. माडसाब तेव्हा त्यांतल्याच एका खेड्यावर नेमणुकीस होते आणि संचाच्या पेटीची किल्ली त्यांच्या कमरेला असे. छपरावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची छत्री, अंगणात सारा गाव, आणि संध्याकाळी दिल्लीहून येणाऱ्या बातम्या. म्हातारी माणसे निवेदकाला उलटा रामराम करीत, असे ते सांगतात. “तेव्हा गावाने टीव्हीवाल्याला कधी विचारले नाही, की हे खरे का,” असे म्हणून ते बशीत चहा ओततात.

माडसाबांच्या या वाक्याला मी पुष्कळदा मान डोलावली आहे. परंतु ती अर्ध्यातच थांबवावी लागते. एकच आवाज असला की गल्लीत गोंगाट नसतो हे खरे. पण तो आवाज ज्या दिवशी गप्प बसतो त्या दिवशी दुसऱ्या कोणाला विचारायची सोय नसते. १९८४ च्या ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींवर सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या. त्या हयात नाहीत हे बी.बी.सी.ने दुपारी सांगितले. आपल्या आकाशवाणीने अधिकृतपणे सांगितले ते संध्याकाळी. मी तेव्हा कॉलेजात होतो. वसतिगृहातल्या एका मुलाच्या ट्रान्झिस्टरभोवती आम्ही चाळीसजण कोंडाळे करून उभे होतो, आणि आपल्या घरातली बातमी विलायतेकडून ऐकताना प्रत्येकाला थोडी लाज वाटत होती.

म्हणून १९९५ साली दूरदर्शनच्याच मेट्रो वाहिनीवर ‘आज तक’ हे वीस मिनिटांचे बातमीपत्र सुरू झाले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. सुरेंद्र प्रताप सिंह साधे हिंदी बोलत आणि सरकारी बातमीपत्रात न बसणाऱ्या गोष्टी सांगत. स्पर्धेने आपला उपकार केला, तो हा. २००० सालच्या अखेरच्या दिवशी त्याच वीस मिनिटांची चोवीस तासांची वाहिनी झाली. मागोमाग इतर आल्या. २००२ सालापासून ई टीव्हीची वाहिनी राजस्थानच्या बातम्या सांगू लागली. २००७ मध्ये आपल्या मराठीतही चोवीस तास बातम्या आल्या. एका बाबतीत मात्र कोणाचाच इलाज नव्हता. बातम्यांचा वेळ वीस मिनिटांवरून चोवीस तासांवर गेला, तरी जगात घडायचे तेवढेच घडत राहिले. उरलेला वेळ कशाने तरी भरणे आले.

आपण सारे सरकारी माणसे आहोत, तेव्हा आकड्याचा महिमा आपणांस सांगायला नको. देशातल्या काही हजार घरांत टीव्हीला एक यंत्र जोडलेले असते. गेल्या काही वर्षांत अशी घरे पन्नास हजारांच्या थोडी वर आहेत. कोणत्या मिनिटाला कोणती वाहिनी लागली होती याची ते नोंद करते. त्या नोंदीवरून दर गुरुवारी आठवड्याचा निकाल लागतो आणि निकालावर जाहिरातीचा भाव ठरतो. संध्याकाळी सात ते दहा ही या बाजाराची मुख्य वेळ. शेजारच्या वाहिनीने अर्धे मिनिट आधी लाल पट्टी झळकावली की पाहणाऱ्याचे बोट तिकडे वळते. म्हणून कोणालाच अर्धे मिनिट थांबणे परवडत नाही. विचारपूस करायची ती नेमकी त्याच अर्ध्या मिनिटात. २०२० च्या ऑक्टोबरात या आकड्यांत लबाडी होते अशा आरोपावरून मुंबईत पोलिसांनी गुन्हा नोंदवला, आणि वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे जाहीर होणे थांबले. ते पुन्हा सुरू झाले २०२२ च्या मार्चात. मधल्या सतरा महिन्यांत परीक्षेचा निकालच लागत नव्हता. तरी आमच्या गल्लीतला आवाज काही खाली आला नाही.

हे सारे मी आज शहाणपणाने लिहितो आहे. मला ते ज्या संध्याकाळी समजले, तिची गोष्ट अजून सांगितलेली नाही.

तेरा मे २००८, मंगळवार. जयपुरातली ती माझी पहिली बदली. मंगळवार हा हनुमंताचा वार. माझा मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. दहावीची परीक्षा संपलेली होती आणि निकाल लागायचा होता. मित्र नि मित्राचे वडील यांच्याबरोबर तो चांदपोलच्या हनुमान मंदिरात दर्शनाला गेला होता. सव्वासात-साडेसातच्या सुमारास जुन्या शहरात एकामागून एक बॉम्ब फुटले. जोहरी बाजार, त्रिपोलिया, सांगानेरी दरवाजा, चांदपोल. पंधरा-वीस मिनिटांत सारे झाले. आम्हांला मालवीयनगरात काही ऐकू आले नाही. आम्हांला कळले ते टीव्हीवरून.

फोन लागेना. पत्नी देवापुढे जाऊन बसली आणि मी टीव्हीपुढे. माझ्या हातात रिमोट होता. एका वाहिनीवर मृतांचा एक आकडा होता, दुसरीवर त्याहून मोठा, तिसरीवर आणखी मोठा. मार्केट यार्डात लिलाव चालतो तशी बोली वर चढत होती. एक निवेदक रस्त्यावर पडलेल्या सायकली दाखवीत होता, आणि तीच तीच चित्रफीत फिरून दाखवताना प्रत्येक वेळी ‘आत्ताच हाती आलेली’ म्हणत होता. चांदपोलच्या मंदिराचे नाव कोणी घेई, कोणी गाळी. बॉम्ब किती, याविषयी दोन वाहिन्यांचे जमेना. गुन्हेगार कोण, याविषयी मात्र दोघींनाही शंका नव्हती.

आणि मी काय करीत होतो? ज्या वाहिनीवरचा आकडा सर्वांत मोठा, तिच्यावर मी थांबत होतो. लहान आकडा सांगणाऱ्याला पुरते ठाऊक नाही, असे मला वाटे. कोणी जर त्या रात्री ‘अजून खात्रीची माहिती नाही’ असे सांगितले असते, तर त्याला मी तत्क्षणी पुसून टाकले असते. आमच्या घरी ते मोजणीचे यंत्र नव्हते. असते, तर त्या रात्रीच्या लिलावात सर्वांत चढी बोली बोलणाऱ्याच्या नावे माझे घर जमा झाले असते.

साडेआठला माडसाब दारात आले. माझ्याकडे आणि पडद्याकडे त्यांनी एकदा पाहिले. “टीवी में नहीं मिलेगा, भाईसाहब,” एवढे बोलून त्यांनी स्कूटर काढली. सवाई मानसिंह इस्पितळात जखमींना नेत होते. रक्त द्यायला आलेल्या लोकांची तिथे रांग लागली होती. माडसाब तिथे दीड तास हिंडले. वॉर्डात पाहिले, विचारले, नको तिथेही जाऊन पाहिले. दहाला ते परतले. “वहाँ नहीं है,” म्हणाले, “मैंने खुद देखा है.” त्या साऱ्या रात्रीत मला मिळालेली ही पहिली बातमी. ती आणायला एक माणूस स्वतः गेला होता, त्याने डोळ्यांनी पाहिले होते, आणि जे पाहिले त्याहून एक शब्दही तो अधिक बोलला नव्हता.

सव्वादहाला मुलगा आला. स्फोटाच्या दहा मिनिटे आधी ते देवळातून निघाले होते. वाहने बंद, म्हणून अजमेरी दरवाज्यापासून टोंक रोडने चालत आले. त्याच्या हातात प्रसादाचा द्रोण होता. तो त्याने वाटभर सांभाळला होता.

मग साताऱ्याला फोन लागला. पहिल्याच घंटेला आईने उचलला. मला वाटले, ती रडत असेल. आई म्हणाली, “सगळी घरात आहात का?” मी म्हटले, “आहोत.” “बरं. जेवून घ्या.” थोड्या वेळाने मी विचारले, “अगं, टीव्हीवर पाहिलंस ना सगळं?” ती म्हणाली, “पाहिलं की. एक सांगतो अमुक मेले, दुसरा सांगतो तमुक. शेजारच्या काकू बटणं दाबीत बसल्या होत्या. मी म्हटलं, बंद करा ते. ज्याला ठाऊक आहे त्याचा फोन येईल. आणि मग बसले फोनपाशी.”

ती पावणेतीन तास तशी बसली होती.

नोकरीत नवा लागलो तेव्हा आमच्या कचेरीत तारेचा रिवाज होता. तातडीचा मजकूर तारेने जाई, पण तेवढ्यावर काम भागत नसे. त्याच मजकुराची सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी टपालाने पाठवावी लागे. तिला आम्ही खातरजमेची प्रत म्हणत असू. तार वेगाची आणि प्रत भरवशाची. प्रत येईतो तारेवर पैशाचा निर्णय कोणी घेत नसे. संध्याकाळच्या बातम्यांत तारा पुष्कळ सुटतात. मागून येणारी प्रत मात्र कोणी लावीत नाही, कारण ती पोचेतो दुसरी तार सुटलेली असते. पुढच्याच वर्षी, २९ ऑक्टोबर २००९ ला, सीतापुऱ्यातल्या तेलाच्या साठ्याला संध्याकाळी आग लागली. ती सुमारे अकरा दिवस जळत होती. आमच्या गच्चीवरून धूर रोज दिसे. माझ्या पडद्यावरून मात्र तो चौथ्या-पाचव्या दिवशीच नाहीसा झाला.

त्या मंगळवारच्या स्फोटांची प्रत कचेरीच्या चालीनेच आली. न्यायालयापुढे मृतांचा आकडा ७१ असा नोंदला गेला. २०१९ साली विशेष न्यायालयाने चौघांना फाशी सुनावली. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तपासावर कडक ताशेरे ओढून चौघांनाही सोडले. २०२५ मध्ये न फुटलेल्या बॉम्बच्या वेगळ्या खटल्यात पुन्हा जन्मठेपा झाल्या. जे एका रात्रीत, दोन जाहिरातींच्या मध्ये, ठामपणे सांगून झाले होते, त्याचा उलगडा करता करता न्यायाधीशांना सतरा वर्षे लागली.

नोकरीची शेवटची दोन वर्षे मला फिरून जयपुरातच मिळाली. आई आता नाही. मुलगा पुण्यास नोकरी करतो. २०२४ च्या जुलैत पुण्यात एकाएकी पाणी चढले. त्या संध्याकाळी पडद्यावर लाल पट्ट्या धावू लागल्या, आणि गुडघाभर पाण्यात उभा राहून वार्ताहर ओरडू लागला. मुलाचा फोन लागेना. पत्नीच्या हातातून मी रिमोट घेतला, टीव्ही बंद केला, आणि आईसारखा फोनपाशी जाऊन बसलो. शेजारच्या घरातून निवेदकाचा आवाज येतच होता. मी दार लोटून घेतले.

दहा मिनिटांनी मी उठलो आणि टीव्ही लावला.