साथीची गिटार

ऑर्केस्ट्रा, म्हणजे चित्रपटगीते रंगमंचावर शक्य तितकी हुबेहूब सादर करणारा वाद्यवृंद, हेच ज्याच्या उपजीविकेचे साधन आहे, अशा गिटारवादकाचे खरे कौशल्य गायकाच्या पट्टीशी जुळवून घेण्यात दिसते. महाराष्ट्रातील गायक आपली पट्टी पेटीच्या भाषेत सांगतो. ‘काळी दोन’ हे शब्द कानी पडताच, म्हणजे सप्तकातील दुसऱ्या काळ्या पट्टीला षड्ज मानावयाचे असे ठरताच, वादक कापो, म्हणजे सर्व तारा एकाच पडद्यावर दाबून धरणारा चिमटा, तिसऱ्या पडद्यावर चढवतो आणि सी मेजरची परिचित बोटे ठेवूनच डी शार्प मेजर वाजवू लागतो. हे क्षणार्धात घडत असल्यामुळे श्रोत्यांच्या ध्यानी येत नाही, आणि ही उपेक्षा सलणारी आहे. ‘दम मारो दम’ (१९७१) या गीतातील गिटार गायक म्हणून अधिक परिचित असलेल्या भूपिंदर सिंग यांनी वाजवली, हे रसिकांना निदान आज ठाऊक आहे. परंतु तोच तुकडा गावोगावच्या मंचांवर जिवंत ठेवणाऱ्याचे नाव निवेदकही पुष्कळदा घेत नाही.

त्याचे वर्षही पंचांगावर चालते. चातुर्मासात लग्ने थांबतात, मात्र गणेशोत्सव आणि नवरात्र त्याच काळात येत असल्याने पावसाळ्यातील रिकाम्या आठवड्यांची भरपाई मंडपांतील रात्रींनी करावी लागते, आणि दमट हवेत गंजलेल्या तारा बदलण्याचा खर्च बहुधा त्यालाच सोसावा लागतो.