कडब्याचं धान्य

परवा नांदगावात चक्कीवर ज्वारीचं पीठ घेतलं. वास ओळखीचा नव्हता. चक्कीवाला म्हणाला, "सोलापूरची मालदांडी हाय, काका. आपल्याकडं आता कोन पेरते जवारी?" भाकर मऊ झाली, गोडही लागली, पण ती परक्या घरची वाटली.

मालदांडी रब्बीची, आमची ज्वारी पावसाळ्याची. मृग बरसला की तिफण निघायची, ज्वारीच्या तासांमध्ये तुरीचं तास पडायचं. नागपंचमीला लाह्या, सकाळी ताकातल्या कण्या, आणि आईच्या हातची कळण्याची भाकर, तिच्यावर कच्चं तेल अन् तिखट.

पण ज्वारी म्हटली की मला आधी आमची कपिला दिसते. पावसानं दडी मारली होती. गुडघ्याएवढ्या, पिवळ्या पडलेल्या ज्वारीत ती शिरली आणि तिला किराळ लागली. पाण्याविना खुरटलेल्या कोवळ्या ताटांत विष उतरतं. तोंडाला फेस, पाय ताठ. आबाजी तिची मान मांडीवर घेऊन बसले होते. त्याच वावरातला कडबा पुढं उन्हाळाभर बाकीच्या जनावरांनी खाल्ला. पुढच्या मृगात आबाजींनी पुन्हा ज्वारीच पेरली. का, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

1964 साली सीएसएच-1 हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं. दाणा वाढला, ताट बुटकं झालं. लवकर निसवणारं कणीस परतीच्या पावसात सापडून काळं पडू लागलं आणि काळ्या ज्वारीला बाजारात कुणी विचारेना. मग सोयाबीन आलं. उरलेल्या चार तासांवर रोही आणि रानडुकरं तुटून पडली. तरी 'शेतकऱ्याला जागल नको, कष्ट नको' असं शहरात बसून बोलणाऱ्यांचा मला आजही राग येतो. थंडीत माळ्यावर रात्र काढून बघावी त्यांनी.

2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं. सगळीकडे भाकरीचे गुण सांगितले गेले, कडब्याबद्दल कुणी बोललं नाही. सोयाबीनच्या कुटारावर बैल पोसत नाही. ज्वारी गेली तशी गंजी गेली, गंजीमागून बैलजोडी गेली, आणि शेणखतही गेलं. कपिलेला मांडीवर घेतलेल्या माणसानं पुन्हा तेच पीक का पेरलं, त्याचं उत्तर इथं आहे: बाकीचा गोठा जगवायचा होता.

नांदगाव, चांदूर, मूर्तिजापूरकडं कुणाच्या घरी जुन्या उंच ज्वारीचं बी अजून राखलेलं असेल, तर मला पायलीभर द्या. येत्या मृगात पेरतो. जागलीला मी स्वतः जाईन.