निकाल वाढला, पोरं गेली कुठं?

२०१७ साली आमच्या वस्तीला लागून असलेल्या पालिकेच्या माध्यमिक शाळेचा दहावीचा निकाल नव्वद टक्क्यांच्या वर लागला. आधी साठीच्या आसपास रखडायचा. फाटकावर फ्लेक्स चढला. त्यावर नगरसेवक मोठा, पहिल्या आलेल्या तीन पोरी लहान. आपल्या मंडळानं विहारात गुणवंतांचा सत्कार ठेवला. पाहुणे दीड तास उशिरा आले आणि 'शिका, संघटित व्हा' यावर पाऊण तास बोलले.

माझ्या बाजूला एक बाई बसली होती. डंपिंगवर भंगार वेचणारी, कामावरून तशीच आलेली. मला म्हणाली, "दादा, माझ्या पोराचं नाव कधी घेत्यात?" मी विचारलं, किती पडले त्याला. तर म्हणे, "त्याला शाळंतून नाही बसवलं. सतरा नंबर भराया लावला." परीक्षा तीच, बोर्ड तेच, मग नावही याच यादीत असणार, असा तिचा सरळ हिशेब. हिशेब बरोबरच होता तिचा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सतरा नंबरचा फॉर्म ही बोर्डाची सोय आहे. ज्याची शाळा सुटली, ज्याला पोटापायी कामाला जुंपून घ्यावं लागलं, त्याला बाहेरून दहावीला बसता यावं म्हणून. सोय चांगली आहे. माझ्या ओळखीचे दोन ड्रायव्हर आणि एक नर्स तिच्यावर उभे आहेत. पण काही शाळांनी तिचा मोरीसारखा वापर चालवलाय. नववीतलं कच्चं पोरगं हेरायचं, आईबापाला बोलवायचं, "नापास होण्यापेक्षा दाखला घ्या, सतरा नंबर भरा, वर्ष वाचेल," असं गोड बोलायचं. बाप सही करतो. पोरगं बाहेर. बाहेरून बसलेल्याचा निकाल शाळेच्या खात्यात पडत नाही. पोरगं नापास झालं तरी शाळा पास.

मी रेल्वेच्या वर्कशॉपात खलाशी. रात्रशाळेतून दहावी झालो, दोन खेपांत. मला आकडेमोडीचा सोस नाही. पण त्या रात्री आम्ही पाच-सहा जणांनी हिशेब काढायचं ठरवलं. काही नावं एका पालक-सदस्याकडून मिळाली, उरलेल्यांसाठी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आणि जनरल रजिस्टरची नक्कल काढली. २०१४ च्या जूनला आठवीच्या पटावर ११२ पोरं होती. २०१७ च्या मार्चला शाळेकडून बसली ६४. पास ५८. म्हणजे फ्लेक्स खोटा नव्हता. चौसष्टातली अठ्ठावन्न, नव्वदच्या वरच. पण एकशे बारातली अठ्ठावन्न म्हणजे किती? निम्म्याच्या जरासं पुढं.

मधली ४८ कुठं गेली? घरोघर फिरलो. अकरा गावाकडं नाहीतर दुसऱ्या शाळेत. चौदा नववीत नापास होऊन घरी बसलेली, त्यात लग्न होऊन गेलेल्या दोन पोरी. एकोणीस सतरा नंबरवाली. चौघांचा पत्ताच लागला नाही, झोपड्या तुटल्या होत्या. एकोणिसातली पास झाली पाच. त्या बाईचा पोरगा पाचात नव्हता.

असं मोजायची रीत आम्ही शोधलेली नाही. १२ मार्च १९२७ ला बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलले. सरकारपुढं त्यांनी हाच हिशेब ठेवला. प्राथमिक शाळेत शंभर पोरं शिरतात, चौथीला पोचतात अठरा, उरलेली ब्याऐंशी परत निरक्षरांत जमा. शिरली किती नि पोचली किती, यावर त्यांनी बोट ठेवलं. त्यानंतर आठ दिवसांनी, २० मार्चला, चवदार तळं. आपल्याला २० मार्च तोंडपाठ आहे. १२ मार्च कुणाला विचारा. भाषण विहाराच्या कपाटात आहे, इंग्रजीच्या दुसऱ्या खंडात. कपाटाची किल्ली खजिनदाराकडं असते.

आता, नववीतच का? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं छप्पर सहा ते चौदा वयाला आहे, आठवीपर्यंत. शाळेतली खिचडीही आठवीपर्यंतच. नववीच्या पहिल्या दिवशी पोराच्या डोक्यावरचा कायदा जातो आणि पुढ्यातली खिचडी जाते. समोर बोर्ड दिसत असतो. शाळेला जे छाटायचं ते या एका वर्षात.

आपल्यातले शिकलेले लोकही म्हणतात, नापास करणं बंद झालं म्हणून पोरं कच्ची राहिली. मला हे पटत नाही. कायद्यात नुसतं 'नापास करू नका' नव्हतं. पाचवीपर्यंत तीस पोरांमागं एक शिक्षक, पुढं आठवीपर्यंत पस्तिसांमागं एक, पोराला काय येतं काय नाही याची सतत तपासणी, हेही होतं. त्यातलं बिनखर्चाचं तेवढं उचललं गेलं. वर निवडणूक आणि जनगणना या कामांना कायद्यातच सूट ठेवलेली. आमच्या शाळेतले गणिताचे सर दोन महिने मतदार यादी घेऊन आमच्याच गल्ल्यांतून फिरत होते. वर्गात भेटले नाहीत ते गल्लीत भेटले.

मुख्याध्यापिका बाईंना जाऊन भेटलो. बाई वाईट नव्हत्या. चहा दिला. पण बोलता बोलता म्हणाल्या, "तुमच्या वस्तीची मुलं निकाल खाली ओढतात." तुमच्या वस्तीची! सत्काराच्या दिवशी तीच पोरं शाळेची झाली होती.

त्याच शाळेत आपलाच एक शिक्षक आहे. जयंतीची वर्गणी न मागता देणारा. त्यानं बाजूला घेतलं. म्हणाला, "निकाल पडला की वरून खुलासा मागतात. शाळेचं नाव गेलं की पट जातो, पट गेला की तुकडी जाते, आम्ही अतिरिक्त ठरतो. मी पोरगं वाचवू का नोकरी?" तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या घरात पहिला पगार त्याचाच. पण पोरं काढून काढून पट कसा टिकायचा, याचं उत्तर त्याच्याकडंही नव्हतं.

मोर्चा काढला. निवेदन दिलं. पोचपावती मिळाली, ती फाईलला आहे. त्याचा उपयोग झाला नाही असं नाही. त्यानंतर आईबापांना बोलावून दाखल्याच्या गोष्टी करणं कमी झालं. पण मोर्च्यानं पोराचं नाव पटावर राहतं, वाचता येत नाही.

२०१७ च्या जूनला आठवीत ९७ पोरं आली. बाईंची परवानगी काढली आणि एकेकाला समोर बसवून चौथीच्या पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला दिला. निम्म्याहून जास्त पोरं अडखळली. वीसेक तर एकेक अक्षर जोडत होती. हे फक्त आमच्या वस्तीतलं म्हणाल तर २०२३ ची 'असर' पाहणी बघा. ग्रामीण भागातली चौदा ते अठरा वयाची पोरं तपासली, त्यातल्या साधारण चौथ्या हिश्शाला दुसरीचा उतारा आपल्या भाषेत नीट वाचता आला नाही. अशा पोराच्या हातात नववीत विज्ञानाचं गाईड देऊन काय व्हायचंय? उशाला घेईल ते.

मग विहारात संध्याकाळी सात ते नऊ एकच धंदा. वाचणं. इयत्ता बघायची नाही, ज्याला जेवढं येतं त्याप्रमाणं बसायचं. आठवीचा मिसरूड फुटलेला पोरगा आणि चौथीची पोरगी एका चटईवर. पोराला लाज वाटायची. पहिल्या पंधरवड्यात बरीच पळाली. परत आणली. पुस्तकाचा कंटाळा आला तर पेपर, रेशनकार्ड, लाईटबिल, झोपडपट्टी पुनर्वसनाची नोटीस. एका पोरानं ती नोटीस बापाला वाचून दाखवली. बापानं तिच्यावर आधीच सही केलेली होती. त्या रात्री त्यांच्या घरात भांडण झालं, पण पोरगा दुसऱ्या दिवशी सातच्या आधी हजर.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. पोरं पेपरात उत्तरापाशी मरत नाहीत, प्रश्नापाशी मरतात. 'सकारण स्पष्ट करा', 'फरक सांगा', 'टीप लिहा', 'अनुक्रमे'. हे शब्द आपल्या घरात कोण बोलतं? उत्तर येत असतं, विचारलंय काय ते कळत नाही. 'अनुक्रमे' म्हणजे 'ज्याचं त्याला, ओळीनं', असं सांगितलं तर पोरी हसायला लागल्या, एवढंच होय! असले शब्द कागदावर काढून भिंतीला चिकटवले. पाऊस आला की ओल धरायची, परत लिहायचे.

गणिताचं आणखी वेगळं. भंगारवाल्याकडं जाणारं पोरगं पत्रा साडेतीन किलो, पुठ्ठा सव्वासहा, प्लास्टिक वेगळं, प्रत्येकाचा भाव वेगळा, एवढी बेरीज उभ्या उभ्या तोंडी करतं आणि दुकानदारानं मारलेलं वजनही पकडतं. वर्गात त्यालाच गुणोत्तर येत नाही. यादीवाले सर शनिवारी विहारात यायला लागले. त्यांनी पहिला महिना पुस्तक उघडलंच नाही, काटा आणून ठेवला. सरांबद्दल मी वर जरा खवचट लिहिलंय. ते राहू द्या, हेही लिहितो.

आपल्यातल्या एका तरुण कवीनं माझ्याशी भांडण काढलं. म्हणाला, "पोरांच्या 'पानी'ला तुम्ही पण मास्तरासारखी लाल रेघ मारता. बामणी भाषा लादता." आम्ही रेघ मारत नव्हतो. फळ्यावर दोन रकाने होते. एक घरातला, एक पेपरातला. घरात 'पानी', पेपरात 'पाणी'. घरात 'व्हतं', पेपरात 'होतं'. दोन्ही बरोबर. मी त्याला म्हटलं, "तू कवितेत 'पानी' लिहितोस, कारण तुला 'पाणी' लिहिता येतं आणि तू ते लिहीत नाहीस. या पोराला अजून तेवढी सवड नाही. बोर्डाचा पेपर तपासणारा तुझी कविता वाचून मार्क देत नाही." तो चिडला. अजून चिडलेलाच आहे. पण गुरुवारी मराठीला येतो.

ही तुकडी २०२० च्या मार्चला बसली. सत्त्याण्णवातली नऊ गावाकडं किंवा दुसऱ्या शाळेत गेली होती. दोघांची कामं सुटत नव्हती, त्यांनी आपणहून सतरा नंबर भरला. सात गळाली. शाळेकडून बसली ७९, पास ७०. टक्के अठ्ठ्याऐंशीच्या वर. म्हणजे २०१७ पेक्षा कमी! राज्याचा निकाल त्या वर्षी ९५.३०. शाळेला खुलासा मागितला गेला.

बाईंचा फोन आला. "बघा, शेवटी निकाल घसरलाच." मी म्हटलं, "बाई, तेव्हा एकशे बारातली अठ्ठावन्न पास झाली. आता सत्त्याण्णवातली सत्तर." त्या जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "हे खुलाशात घालता येईल का?" आम्ही तक्ता करून दिला. आठवीत आली किती, बसली किती, पास किती. तो तक्ता लावून खुलासा गेला.

या सत्तरांचा मी फार गवगवा करत नाही. त्या वर्षी टाळेबंदीत भूगोलाचा पेपर रद्द झाला, त्याचे मार्क सरासरीनं मिळाले. काही पोरं त्यावर तरली असतील. टक्क्यांची गंमत बघायची तर राज्याचीच बघा. २०१८ ला ८९.४१. २०१९ ला भाषांचे तोंडीचे २० मार्क काढले, तर ७७.१०. २०२० ला ते परत दिले, तर ९५.३०. आणि २०२१ ला कोरोनामुळं परीक्षाच झाली नाही, तर ९९.९५. एका वर्षात महाराष्ट्राची पोरं ढ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली, असं कोण म्हणेल? म्हणून आपल्या बैठकीत आता टक्का विचारत नाही. डोकी विचारतो.

कोरोनात विहार बंद. घरात एक मोबाईल, तोही बापाच्या खिशात. जे कमावलं होतं त्यातलं पुष्कळ वाहून गेलं. पुढं आणखी एक झालं. २०१९ च्या केंद्राच्या दुरुस्तीचा आधार घेऊन २०२३ ला महाराष्ट्रानं पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. फेरपरीक्षेतही नापास झालं तर पोरगं त्याच वर्गात. म्हणजे सुरी नववीवरून आठवीवर आली, पाचवीवर आली. तीस पोरांमागं एक मास्तर मात्र जिथं नव्हता तिथं आला नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असायला पाहिजेत, एकूण सदस्यांत निम्म्या बाया, असं कायदा सांगतो. आमच्या समितीत ती माणसं होती, कागदावर. घरी रजिस्टर पाठवून सह्या घ्यायचे. आता आमच्या पाच बाया सभेला जातात. त्यातली एक तीच, सत्कारात माझ्या बाजूला बसलेली. तिला वाचता येत नाही. ती रजिस्टर पुढं आलं की म्हणते, "आधी वाचून दाखवा, मग अंगठा." प्रयोगशाळेच्या कपाटाचं कुलूप तिच्यामुळं उघडलं. आत नवीकोरी परीक्षानळ्यांची खोकी निघाली.

यंदा आठवीत ८३ पोरं आलीत. त्यांचं वाचन तपासायचं काम आषाढी पौर्णिमेच्या आत उरकायचंय, पुढं वर्षावासाचे कार्यक्रम सुरू होतात आणि विहार संध्याकाळी मिळत नाही. माणसं कमी पडताहेत. ज्या कार्यकर्त्यांना जमेल त्यांनी रविवारी सकाळी दहाला विहारात यावं. चौथीची पुस्तकं आहेत. पेन आपापले आणावेत, मंडळाकडं नाहीत.