अंबाजोगाईची काचेची वाटी

गेल्या मार्गशीर्षी पौर्णिमेस अंबाजोगाईला जाण्याचा योग आला. निजामी अमदानींत मोमिनाबाद म्हणून ओळखलें जाणारें हें गांव बीड जिल्ह्यांत बालाघाटाच्या डोंगरांत वसलें आहे. योगेश्वरीचें दर्शन घेतलें, मुकुंदराजांच्या समाधीवर मस्तक ठेविलें आणि दुपारीं थोरल्या चुलत वहिनींच्या वाड्यांत पानावर बसलों.

लोणचें वाढण्यास आलें तें एका जाड काचेच्या वाटींतून. मला जुन्या काचेच्या भांड्यांचा छंद. घांस हातांतच राहिला. जेवणानंतर वाटी उजेडांत धरली. नक्षी हिऱ्याच्या पैलूंसारखी, पण कंगोरे बोटास बोथट लागले, आणि बाजूस साच्याच्या सांध्याची बारीक रेघ दिसली. हातानें कोरलेल्या काचेचे कंगोरे टोंचतात. बुडाशीं हिऱ्याच्या आकृतींत रोमन 'एच' अक्षर होतें. ही खूण अमेरिकेच्या ओहायो प्रांतांतील न्यूआर्क येथील हाइझी कारखान्याची. तो १८९६ सालीं सुरू झाला व १९५७ सालीं बंद पडला.

तापलेला काचरस लोखंडी साच्यांत घालून वरून दट्ट्या दाबला, कीं नक्षीसह भांडें तयार होतें. १८२५ च्या सुमारास अमेरिकेंत ही युक्ति पुढें आली, आणि श्रीमंतांच्या मेजावरचें तेज सामान्य गृहस्थाच्या घरीं पोंचलें. आपल्याकडेहि तळेगांवास पैसाफंडाचा कारखाना १९०८ सालीं व ओगल्यांचा १९१६ सालीं निघाला. संस्कृत सुभाषितकारांनीं काचेला मण्याशेजारीं बसवून नेहमींच हिणविलें. संसाराला मात्र काचच उपयोगी पडली.

मीं म्हटलें, "वहिनी, ही वाटी मला द्या. येथें फुटली तर कायमची गेली. पुण्याच्या दिनकर केळकरांनीं असेंच घरोघरचें जमविलें, आणि अकालीं गेलेल्या मुलाच्या नांवें उभारलेला तो संग्रह सरकारला अर्पण केला."

वहिनी हंसल्या. "भाऊजी, सासूबाईंनीं पहिल्या हळदीकुंकवास ही माझ्या हातीं दिली. माझ्या तिन्ही सुनांनीं ती घांसली. कुणाच्या हातून फुटली नाहीं. तुम्ही सरकारास द्याल, कीं कपाटांत ठेवाल?"

मला उत्तर सुचेना. माझें कपाट कुलुपांत असतें. सूनबाईंस त्याला हात लावण्याची मुभा नव्हती. याच गांवांत दासोपंतांची वस्त्रावर लिहिलेली पासोडी पिढ्यान् पिढ्या जपली गेली, हेंहि आठवलें. वाटीची नक्षी वहींत उतरून घेतली आणि वाटी परत केली.

घरीं येतांच कपाटाची किल्ली सूनबाईंच्या स्वाधीन केली. संक्रांतीस तिळगूळ माझ्या भांड्यांतून वाटला गेला. एक बशी फुटली. सूनबाई घाबरून माझ्याकडे पाहूं लागल्या, तेव्हां मीं म्हटलें, "तुकडे जपून वेंचा, हाताला लागतील." बशीविषयीं मग कोणी कांहीं बोललें नाहीं.