करंजाची सावली

भरल्या घरात वाढलेल्या माणसाला घराची किंमत कळत नाही. त्याला चणचण भासते ती एकांताची. पंगतीची गर्दी, पाहुण्यांची वर्दळ आणि वडीलधाऱ्यांची सततची विचारपूस यांना कंटाळून ‘कोठेतरी निघून जावे’ असे कोणाच्या मनात आले नसेल? मी मात्र खरोखरच निघून गेलो, आणि त्याचे प्रायश्चित्त मला १९८६ साली दौंडास घ्यावे लागले.

शिरूरला घोडनदीच्या काठी आमचे एकत्र घर. वडील वारल्यावर वाटणीची गोष्ट निघाली, शब्दाने शब्द वाढला आणि मी वळकटी उचलून उंबरठा ओलांडला. दौंडला एका दुकानी जमाखर्च लिहिण्याचे काम मिळाले. बिऱ्हाड मात्र मिळेना. एकटा जीव, जामीन कोणी नाही आणि आगाऊ भाडे द्यावे तर गाठीस पैसा नाही! रात्र स्थानकावर काढावी, तर फलाटाच्या तिकिटाची मुदत दोन तासांची. मनमाडकडे, सोलापूरकडे, पुण्याकडे गाड्या रात्रभर सुटत. सर्वांना कोठेतरी जावयाचे असे. मलाच तेवढे नव्हते.

बेघर माणसाला थंडीपेक्षाही बोचतो तो एक प्रश्न: ‘आपण येथे का बसलात?’ चहा संपला की तो उपाहारगृहात भेटतो, आरती आटोपली की देवळात भेटतो. मला तो भेटला नाही तो फक्त भीमेच्या काठी, एका जुन्या करंजाखाली. पहाटे पाण्यावर धुके असे. धोबी पक्षी शेपटी हलवीत ओल्या वाळूवर फिरत. मी स्नान करून पंचा फांदीवर वाळत घाली आणि खोडाला पाठ टेकून बसे. गाव शंभर पावलांवर होते. परंतु तेवढी घटकाभर मी कोणाच्या वाटेत नसे.

तेथे एक म्हातारा शेळ्या घेऊन येई. एके दिवशी त्याने माझी हकिगत काढून घेतली आणि तो हसला. “अवो, तुमचं घर हाय की अजून जाग्यावर! आमचं पळसदेव पान्याखाली गेलं. पानी उतरलं की देवळाचं शिखर दिसतं. निस्तं बघायचं.” उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि त्या जलाशयात जुने पळसदेव बुडाले, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. वाचणे निराळे आणि त्या माणसाशेजारी बसणे निराळे. त्याचे घर परत मिळणारे नव्हते. माझे मी हट्टाने दूर लोटले होते.

त्या दिवशी नदीकडे पाहताना एक साधी गोष्ट ध्यानात आली. दौंडच्या वरच्या अंगाला घोड भीमेस मिळते. म्हणजे आमच्या परसामागचेच पाणी माझ्या पायांशी येत होते. मी काकूंना एक कार्ड टाकले. आठ दिवसांनी काका स्वतः दुकानाशी येऊन उभे राहिले. कोठे होतास, का गेलास, काही विचारले नाही. एवढेच म्हणाले, “चल, काकू जेवायची थांबली आहे.”

त्या करंजाचे उपकार मी विसरलेलो नाही. तथापि झाड म्हणजे घर नव्हे. अवकाळी पावसाच्या एका रात्रीने मला ते शिकविले होते. पुढे २०१३ साली राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी वस्तीच्या दर लाखामागे किमान १०० माणसांचा कायम निवारा असावा, असा दंडक ठरला. २०११ च्या शिरगणतीत शिरूर व दौंड ही दोन्ही गावे लाखाच्या पुष्कळ आत होती. लहान गावातला बेघर माणूस अशा हिशेबात सहसा बसत नाही; तो झाडाखाली बसतो.

म्हणून आज आमच्या ओट्यावर कोणी अनोळखी टेकला, तर घरातल्या मुलांना मी सांगतो, आधी पाण्याचा तांब्या न्या. प्रश्न मागाहून विचारा.