काडी आणि कामठा

संस्कृतात ‘शर’ म्हणजे बाण, आणि ‘शर’ म्हणजे बोरूसारखे एक गवतही. लेखणी आणि बाण अशी जवळच्या कुळातली निघावीत, याची माझ्यासारख्या लिहिणाऱ्या मास्तराला मोठी गंमत वाटते.

सातपुड्यात धडगावच्या बाजूला मी काही वर्षे शिकवीत होतो. शाळेशेजारी एक वृद्ध भिल्लबाबा राहत. तरुणपणी त्यांनी शिकार केलेली; पुढे १९७२ च्या कायद्याने ती बंद झाली. पण नातवासाठी बाण करायला बसले की त्यांचा दिवस सरे. वाळलेल्या काड्यांतून सारख्या जाडीच्या, सारख्या वजनाच्या निवडायच्या. निखाऱ्यावर शेकून त्यांचा बाक काढायचा. पिसे एकाच बाजूच्या पंखाची घ्यायची. मग प्रत्येक काडी दोन्ही हातांनी हळूच वाकवून पाहायची.

“बाबा, वाकवून काय पाहता?”

“गुरुजी, ही माझ्या कामठ्याला चालेल. पोराच्या हलक्या कामठ्याला फार ताठ होईल.”

खरेच आहे ते. दोरी बाणाला मागून रेटते आणि कामठ्याचे लाकूड वाटेत उभे असते. बाण माशासारखा वळवळत त्याला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हे टिपले. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण फार ताठ असला तर डावीकडे जातो, फार लवचीक असला तर उजवीकडे. काडी आखूड केली की ती ताठ होते. पाते जड लावले की लवचीक वागते. एकटी काडी चांगलीही नसते आणि वाईटही नसते.

“पण एवढी चिकित्सा कशाला? एक चुकला तर दुसरा बाण आहेच!”

बाबांनी काडी खाली ठेवली. “पुरता चुकला तर बरेच, गुरुजी. अर्धवट लागला तर जनावर रानात चार दिवस कण्हत मरते.”

तो नातू माझ्याच वर्गात होता आणि वाचनात मागे होता. वर्षअखेरीस त्याच्या नावापुढे शेरा लिहायची वेळ आली, तेव्हा ‘कच्चा’ हा शब्द मी लिहिला नाही. त्याच्या घरच्या बोलीतल्या गोष्टी त्याच्याकडून सांगून घेतल्या, त्याच फळ्यावर लिहिल्या आणि त्याला वाचायला दिल्या. चार महिन्यांत तो अडखळत का होईना, वाचू लागला.

शेराही अर्धवटच लागतो. आणि मूल तो पुष्कळ वर्षे अंगात वागवते.