एक मानतो, एक मानत नाही

सेवानिवृत्तीनंतर माणसाने काय वाचावे आणि काय पाहावे, याविषयी आपल्या समाजात काही रूढ कल्पना आहेत. ज्ञानेश्वरी, दासबोध, एखादे आत्मचरित्र, संध्याकाळी नाट्यसंगीत, आणि दूरदर्शनसंच लावलाच तर बातम्या. शाळकरी मुलामुलींचे प्रेम, त्यात भुते, त्यात परग्रहवासी, आणि हे सारे जपानी चित्रमालिकेच्या रूपात, हा विषय त्या यादीत कुठेच बसत नाही. तरीही २०२५ च्या दिवाळीच्या सुटीत आम्ही अकरावीत शिकणाऱ्या नातीच्या शेजारी बसून ‘दान्दादान’ या मालिकेचे दोन्ही पर्वांतले २४ भाग पाहिले आणि मनसोक्त हसलो. या पत्रिकेच्या वाचकांत आमच्या वयाची मंडळी पुष्कळ आहेत. त्यांच्याही घरी नातवंडे हे असले काही पाहत असतीलच. तेव्हा आमच्या आनंदाचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवायला हरकत नसावी.

अशा जपानी चलच्चित्रांना ‘आनिमे’ म्हणतात. ‘दान्दादान’ ही मूळची युकिनोबु तात्सु यांची चित्रकथा, २०२१ च्या एप्रिलपासून जपानी अंकीय नियतकालिकातून येणारी. तिचे पहिले पर्व २०२४ च्या ऑक्टोबरात आणि दुसरे २०२५ च्या जुलैत प्रसारित झाले. निर्मिती ‘सायन्स सारू’ या संस्थेची. सारू म्हणजे माकड, ही माहिती नातीने पुरवली.

कथेची मांडणी अशी. मोमो आयासे ही हायस्कुलात शिकणारी मुलगी. तिची आजी देवऋषी, त्यामुळे मोमोचा भुतांवर पूर्ण विश्वास. परग्रहवासी मात्र तिच्या मते शुद्ध थाप. तिच्याच शाळेत एक चष्मेवाला, बुजरा, एकलकोंडा मुलगा आहे. त्याचा परग्रहवासीयांवर अढळ विश्वास, आणि भुते म्हणजे त्याच्या मते खुळचटपणा. दोघांची पैज लागते. उडत्या तबकड्या दिसतात म्हणून प्रसिद्ध असलेल्या एका ओसाड रुग्णालयात तिने जायचे आणि झपाटलेल्या एका बोगद्यात त्याने. दोघांनाही जे आपण मानत नव्हतो तेच भेटते. म्हणजे दोघेही हरतात, किंवा दोघेही जिंकतात. तिथून पुढे एकमेकांना वाचवता वाचवता त्यांची जी काही तारांबळ उडते, तीच ही मालिका.

ही मांडणी आमच्या चांगल्याच परिचयाची होती. आमच्या घरी ती छत्तीस वर्षे चालली.

आमच्या सौभाग्यवतींचा दृष्ट, बाधा, अमावास्या, उंबराखालची सावली या सगळ्यांवर विश्वास होता. आम्ही महसूल खात्यातले, सातबाऱ्याच्या पलीकडचे काही न मानणारे. मध्य प्रदेशात त्याला खसरा म्हणतात एवढाच फरक. उलट आमचा ज्यावर विश्वास होता, त्यावर तिचा काडीचा नव्हता. फाइलवर शेरा मारला की काम मार्गी लागते, असे आम्ही खरोखर मानत असू. ती म्हणे, ‘‘तुमच्या त्या शेऱ्यापेक्षा आमचा मुंजा बरा. निदान नवस बोलला तर ऐकतो.’’ निमाडात बदली असताना एका जुन्या डाकबंगल्यात उतरण्याचा प्रसंग आला. तिथल्या चौकीदाराने रात्री पैंजण वाजतात असे सांगितले. आम्ही पांघरूण ओढून झोपलो. ती पहाटेपर्यंत कंदील मोठा करून खिडकीशी रामरक्षा म्हणत बसली. सकाळी आम्ही विचारले, ‘‘काही आले होते का?’’ ती म्हणाली, ‘‘येणार कसे? मी जागी होते ना.’’ या उत्तरावर पुढे वाद चालवणे शक्य नव्हते. पण ती स्वतःसाठी जागली नव्हती, एवढे आमच्याही ध्यानात आले होते.

२०२२ साली ती गेली. त्यानंतर या घरात एकच बाजू उरली, आणि एका बाजूला वाद घालता येत नाही. नात पहिला भाग लावून बसली आणि मोमो व तो मुलगा शाळेच्या वाटेवर तारस्वरात भांडू लागले, तेव्हा चष्मा शोधून आम्ही तिच्या शेजारी जाऊन बसलो, ते या भांडणासाठी.

आता थोडे भुतांविषयी. बोगद्यातली जी हडळ त्या मुलाला धरते ती जुन्या पोथीतली नव्हे. ती मोटारयुगातली आहे. महामार्गावर भरधाव मोटारीच्या बरोबरीने एक म्हातारी धावते, अशी वदंता जपानात पुष्कळ वर्षे आहे. तीच ही ‘टर्बो बबा’. जपानीत ‘बबा’ म्हणजे थेरडी. आमच्या कानांना आरंभी हे ‘बाबा’ असेच ऐकू येई, आणि त्या शिव्या देणाऱ्या म्हातारीला बाबा का म्हणतात याचा उलगडा होईना. ती त्या मुलाच्या अंगात शिरते, आणि नंतर त्याच्या शरीराचा एक असा अवयव घेऊन जाते की ज्याचा नामोल्लेख या पत्रिकेच्या पानांवर शिष्टसंमत ठरणार नाही. तो परत मिळवण्याचा खटाटोप म्हणजे कथेचा मुख्य धागा! हे आजोबांना नातीने समजावून सांगावे असे नव्हते. तिने नुसते ‘‘त्याची वस्तू हरवली आहे’’ असे सांगितले आणि आम्हीही ‘‘बरे’’ म्हटले. पुढचे सगळे भाग आम्ही दोघांनी तिला ‘वस्तू’ म्हणूनच पार पाडले. महसुली भाषेत अशा गोष्टीला ‘विवादित मालमत्ता’ म्हणतात, हे आम्ही मनातच ठेवले.

सगळेच रुचले असे नाही. पहिल्याच भागात परग्रहवासी मोमोला पकडतात तो प्रसंग अभिरुचीला सोडून आहे. तो गाळला असता तर कथेचे काहीएक बिघडले नसते. नातीने तो पुढे ढकलला, ते योग्यच केले. नंतरही मारामाऱ्या कधी कधी इतक्या लांबतात की आम्ही मध्येच उठून चहा ठेवून आलो तरी तीच मारामारी चालू असे. पण विनोद मात्र अस्सल. भीती अगदी गळ्याशी येते आणि त्याच क्षणी कोणी तरी इतके क्षुल्लक, इतके घरगुती बोलते की हसू आवरत नाही. आपल्याकडे भुताची गोष्ट सांगणाऱ्या आत्याबाई नेमके हेच करीत.

ही परंपरा तिथेही नवी नाही. रुमिको ताकाहाशी यांच्या ‘उरुसेइ यात्सुरा’ या १९७८ च्या चित्रकथेत परग्रहावरची, डोक्यावर शिंगे असलेली राक्षसकन्या शाळकरी मुलाच्या घरी येऊन राहते. १९८१ मध्ये तिचीही आनिमे झाली. भूत, शाळा आणि प्रेमातला गोंधळ हे त्रिकूट तेव्हापासून जपानी तरुणांच्या ओळखीचे आहे. त्याहून मागे गेले तर लाफ्काडिओ हर्न यांचा १९०४ चा ‘क्वाइदान’ हा भूतकथांचा संग्रह आहे. हर्न परदेशी. त्यांना जपानी गोष्टी सांगत त्यांच्या पत्नी सेत्सु. पत्नीने सांगावे आणि पतीने कागदावर उतरवावे, ही व्यवस्था आम्हांस सुचली नाही. आमच्या घरी सांगणारी होती, आणि कागदही सरकारी का होईना भरपूर होता.

ज्या प्रसंगाने आम्ही खऱ्या अर्थाने सावरून बसलो, तो म्हणजे मोमोच्या आजीचा. सेइको तिचे नाव. दिसते तरुण, ओठात सिगारेट, हातात बेसबॉलची बॅट. पण तिची सारी शक्ती उसनी आहे. त्या गावाचे रक्षण करणाऱ्या देवतेकडून ती शक्ती घेते, त्यामुळे गावाच्या शिवेच्या आत ती अजिंक्य आणि शिवेबाहेर सामान्य बाई. म्हणून मुलांना भुताला हुलकावण्या देत गावाच्या हद्दीकडे धावावे लागते. नातीला ती केवळ शर्यत वाटली. आम्ही मात्र उभी हयात हद्दी मोजण्यात घालवलेली. गावदेवीचे राज्य शिवेपर्यंत, ही कल्पना आपल्या रक्तातली आहे.

आणि मग असे मनात आले, की आपल्यासारख्यांचे काय? आमचे पूर्वज होळकरांच्या चाकरीत माळव्यात आले. कुलदैवत कोकणात राहिले. सात पिढ्या इंदुरात राहूनही घरातले लग्नकार्य झाले की पहिला नारळ तिकडे. सौभाग्यवतीला ही अडचण पूर्ण ठाऊक होती आणि तिने तिच्यापुरता तोडगाही काढला होता. ती कुलदैवताला नारळ पाठवी आणि खजराण्याच्या गणपतीला दर बुधवारी जाई. ‘‘ते आपले, आणि हा इथला,’’ असे ती म्हणे. सेइकोने हे ऐकले असते तर मान डोलावली असती. गमतीचा भाग असा की मोमोच्या अंगी जी शक्ती जागी होते, तिचा उलगडा मालिकेत ‘चक्रां’नी केलेला आहे. आपला शब्द बौद्ध भिक्षूंच्या आणि योगशास्त्राच्या वाटेने कुठल्या कुठे जाऊन पोहोचला, आणि तिथे त्याला कुणी परका म्हणत नाही.

पहिल्या पर्वातील सातव्या भागाविषयी मात्र हसत लिहिता येणार नाही. त्यात लांब केसांची, नाचत चालणारी एक भयंकर हडळ आहे. ती आइरा नावाच्या, मोमोच्याच शाळेतल्या मुलीच्या मागे लागलेली असते. मागे का लागली, हे त्या भागात उलगडते. जिवंत असताना ती एका लहान मुलीची आई होती, एकटी, दिवसरात्र कष्ट करून कर्ज फेडणारी. वसुलीला आलेले गुंड तिच्या डोळ्यांदेखत मुलीला उचलून नेतात. ती जीव देते. मग पिशाच्चयोनीत भटकत असताना एका पोरक्या मुलीला ती ओझरती दिसते आणि ती मुलगी तिला ‘आई’ अशी हाक मारते. ती मुलगी म्हणजे आइरा. एवढ्या एका हाकेवर ते पिशाच्च इतकी वर्षे तिच्या मागे राहिलेले असते. आइराचे प्राण जातात तेव्हा तीच हडळ स्वतःचा उरलासुरला प्राणांश तिला देऊन टाकते. हे सर्व फारशा संवादांविना घडते. चित्रे, शहराच्या उंच इमारतींवरचा तिचा नाच आणि केन्सुके उशिओ यांचे संगीत. टर्बो बबाचेही तसेच. अकाली, क्रूरपणे मारल्या गेलेल्या मुलींच्या आत्म्यांना ती म्हातारी सोबत करीत असे, हे आपल्याला नंतर कळते. या मालिकेतली भुते बहुधा कुणाची तरी वाट पाहणारी निघतात. शाळेच्या प्रयोगशाळेतला मानवी शरीररचनेचा पुतळासुद्धा रात्री धावत सुटतो, तो भंगारात टाकल्या गेलेल्या आपल्या प्रिय पुतळीसाठी.

सातवा भाग संपला तरी नातीने पुढचा लावला नाही. तीन वर्षांत तिने आजीचे नाव आमच्यापुढे काढले नव्हते, आम्हीही नाही. रडे आवरीत ती म्हणाली, ‘‘आजोबा, आजी असेल का हो कुठे?’’

आम्ही आयुष्यभर ज्याला नाही म्हणत आलो तो हाच प्रश्न. आम्ही म्हणालो, ‘‘मी मानत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण आजीला विचारले असतेस तर ती हो म्हणाली असती. आणि या बाबतीतली माहिती तिला माझ्यापेक्षा जास्त होती.’’ मग निमाडातल्या डाकबंगल्याची गोष्ट निघाली. ती नातीने कधी ऐकली नव्हती. त्या रात्री तिने आणखी सहा गोष्टी काढून घेतल्या. त्यांत मुंजाची होती, चकव्याची होती आणि एक खुद्द आमच्या सासूबाईंची होती. मुंजा म्हणजे काय, हे हिंदी शब्दांचा आधार न घेता सांगताना आमची थोडी दमछाक झाली. सोडमुंज समजावल्याशिवाय मुंजा समजत नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या चष्मेवाल्या मुलाचे खरे नाव केन ताकाकुरा. याच नावाचे एक थोर जपानी नट होऊन गेले (१९३१ ते २०१४), अबोल, करारी भूमिकांसाठी विख्यात. आणि मोमोचे स्वप्न म्हणजे अगदी तसाच पुरुष. त्यामुळे हा शेळपट मुलगा स्वतःचे नाव सांगतो तेव्हा तिची पंचाईत होते. ते नाव याला द्यायचे? तिच्या तोंडून ते निघेना. ती त्याला ‘ओकारुन’ म्हणू लागते, गूढविद्येचा नाद असलेला, अशा अर्थाचे. तोही तिला कधी नुसते मोमो म्हणत नाही. नेहमी ‘आयासे-सान’, म्हणजे आडनाव आणि पुढे आदरार्थी प्रत्यय. जीव धोक्यात असतानाही ‘आयासे-सान’! नातीला हे फार विनोदी वाटले. आम्हांस त्यात काहीच नवल वाटले नाही. छत्तीस वर्षे आम्ही ‘अहो’ होतो.

‘‘म्हणजे आजीने तुमचे नाव कधीच घेतले नाही?’’ तिने विचारले. घेतले होते; लग्नात, मंगळागौरीला आणि नातेवाइकांच्या डोहाळजेवणात आग्रह झाला की उखाण्यात. तो उखाणा तिने स्वतः जुळवलेला होता आणि त्यात तहसील कचेरीची थट्टा होती. नातीला तो लिहून हवा आहे. आम्हांस त्याची दुसरी ओळ नीट आठवते, पहिली आठवत नाही. आमच्या धाकट्या मेहुणीबाई ग्वाल्हेरला असतात, त्यांच्या स्मरणात असण्याचा संभव आहे. रविवारी त्यांना दूरध्वनी करायचे ठरले आहे.